क्षेत्रभेटीची आकडेवारी : आलेख काढून झाले, विश्लेषण कुठे आहे?

सह्यपठार (धागालेखिका)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. प्रात्यक्षिक वह्या तपासताना एक गोष्ट सतत खटकते, म्हणून हा धागा.

मुलं क्षेत्रभेटीला उत्साहाने येतात. टेप धरतात, लोकांशी बोलतात, पानंच्या पानं नोंदी आणतात. मग त्यांचे सुबक आलेख होतात : स्तंभालेख, विभाजित वर्तुळ (पाय चार्ट), रंग भरलेला नकाशा. आणि खाली 'विश्लेषण' या मथळ्याखाली एकच वाक्य : "वरील आलेखावरून असे दिसते की, अ ठिकाणी प्रमाण जास्त असून ब ठिकाणी कमी आहे." एवढं तर आलेखाकडे नुसतं पाहिलं तरी कळतं. ते तसं का आहे, अपेक्षेप्रमाणे आहे का, कुठला आकडा रांगेत बसत नाही, याबद्दल अवाक्षर नसतं. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आलेखाचे गुण ठरलेले असतात, विचाराचे नसतात.

माझं मत थोडक्यात असं : आपण ज्या प्रश्नासाठी रानात गेलो, त्याला आलेखाने उत्तर दिलं पाहिजे. आणि भूगोल खरा सुरू होतो तो न बसणाऱ्या आकड्यापाशी.

एक उदाहरण घेऊन बोलते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिथून पाचगणी, मग पसरणी घाट उतरून वाई. हा रस्ता म्हणजे भूगोलाची प्रयोगशाळाच आहे. प्रश्न साधा ठेवायचा : या रेषेवर पाऊस कसा बदलतो आणि त्याच्या खुणा जमिनीवर दिसतात का?

पावसाचे आकडे आपण एका भेटीत मोजू शकत नाही, ते हवामान खात्याच्या सरासरीवरून घ्यायचे. ही दुय्यम माहिती झाली आणि वहीत तसं स्पष्ट लिहायचं. ढोबळ मानाने पोलादपूरला तीन हजार मिमीच्या वर, महाबळेश्वरला साडेपाच ते सहा हजार, पाचगणीला महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश आणि वाईला हजाराच्याही आत.

आता बहुतेक मुलं गृहीतक मांडतात : "उंची वाढते तसा पाऊस वाढतो." आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर पाऊस घेऊन चार टिंबं मांडायला सांगा. पोलादपूर ते महाबळेश्वर गृहीतक झकास बसतं. पण पाचगणी? ती जवळजवळ महाबळेश्वरइतकीच उंच आहे, फरक फार तर शंभर मीटरचा, रस्त्याने अंतर वीसेक किलोमीटर. तरी पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर! आणि वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर, म्हणजे पोलादपूरपेक्षा कितीतरी वर, पण पाऊस पोलादपूरच्या जवळपासही नाही.

हीच टिंबं आता पुन्हा मांडा. आडव्या अक्षावर उंचीऐवजी घाटमाथ्यापासूनचं पूर्वेकडचं अंतर घ्या. महाबळेश्वर, पाचगणी, वाई एका उतरत्या रांगेत येतात. अरबी समुद्रावरून आलेले वारे कड्याला अडून वर चढतात, थंड होतात, तिथेच रिकामे होतात. माथा ओलांडून खाली उतरताना ते तापतात आणि पावसाची शक्यता घटते. पर्जन्यछाया हा शब्द मुलांनी आठवीपासून पाठ केलेला असतो. पण एक आलेख फसला आणि दुसरा बसला, हे स्वतःच्या हाताने केल्यावर तो शब्द त्यांचा होतो.

मुलांनी स्वतः घेतलेल्या नोंदी म्हणजे प्राथमिक माहिती : ठरावीक अंतरावर थांबून छपराचा उतार आणि प्रकार, झाडांची दाटी, पिकं, उघडा जांभा (तांबडा सच्छिद्र खडक) किती, मातीचा थर किती खोल. हे सगळं मांडायला वेगवेगळे आठ आलेख नकोत. वर टोपोशीटवरून (समोच्च रेषांच्या नकाशावरून) काढलेला काटछेद (जमिनीच्या चढउताराची बाजूने दिसणारी रेषा), आणि त्याच्या खाली त्याच आडव्या प्रमाणावर पट्ट्या : एक पावसाची, एक छपरांची, एक पिकांची, एक मातीची. उभी नजर फिरवली की एका जागेचं सगळं चित्र दिसतं, आडवी फिरवली की बदल दिसतो. माझ्या मते क्षेत्रभेटीसाठी यापेक्षा चांगली मांडणी नाही.

बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः संख्याशास्त्र किती वापरावं, याबद्दल.

---

जुनाशिक्षक

उत्तम धागा. काटछेद आणि पट्ट्यांच्या मांडणीशी शंभर टक्के सहमत.

एक पुरवणी. काटछेद काढताना उभं आणि आडवं प्रमाण वेगळं असतं, हे मुलं लिहीत नाहीत. १:५०,००० च्या टोपोशीटवर आडवा १ सेमी म्हणजे ५०० मीटर. उभ्या अक्षावर १ सेमीला १०० मीटर घेतले, तर उठाव पाचपट ताणला जातो. मग पसरणी घाट कागदावर कड्यासारखा दिसतो आणि मुलं लिहितात "अतितीव्र उतार". काटछेदाच्या खाली "उभी अतिशयोक्ती : ५ पट" असं लिहिलंच पाहिजे. उताराबद्दल बोलायचं तर ते कागदावरच्या रेषेवरून बोलू नये, मूळ उंचीच्या फरकाला अंतराने भागून बोलावं.

दुसरं, कच्च्या नोंदींचं पान फेकू नका. फेअर वहीत उतरवताना आकडे 'नीटनेटके' होतात आणि विचित्र आकडे गळून पडतात. तुम्ही म्हणता तो न बसणारा आकडा नेमका तिथेच हरवतो. मी कच्चं पान, चिखल लागलेलं असलं तरी, वहीला टाचून घ्यायचो.

---

आकडेमोड

संख्याशास्त्राबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. पेशाने सांख्यिकीत आहे, भूगोलाची आवड आहे.

चार ठिकाणांवर कसलाही सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात ते सांगणारा −१ ते १ मधला आकडा) काढू नका. तुमचं उदाहरण तर्क शिकवायला सुंदर आहे, पण ते पुरावा म्हणून चालवायचं तर ठिकाणं वाढवावी लागतील.

स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध शाळा-कॉलेजच्या क्षेत्रकार्याला सगळ्यात सोयीचा. दोन्ही गोष्टींना (उदा. अंतर आणि पाऊस) ठिकाणांनुसार क्रमांक द्यायचे, प्रत्येक ठिकाणी क्रमांकांतला फरक काढायचा, फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. बेरजेला ६ ने गुणायचं, न × (न² − १) ने भागायचं आणि उत्तर १ मधून वजा करायचं. न म्हणजे ठिकाणांची संख्या.

समजा ८ ठिकाणं आहेत आणि वर्गांची बेरीज १४ आली. ६ × १४ = ८४. ८ × ६३ = ५०४. भागाकार ०.१६७, म्हणजे गुणांक ०.८३. आता इथे थांबून "घनिष्ठ धन सहसंबंध" असं लिहिण्याची पद्धत आहे. थांबू नका. ८ ठिकाणांसाठी ५ टक्के सार्थकता पातळीवरचं कोष्टकातलं मूल्य ०.७३८ आहे (दोन्ही बाजूंची चाचणी, म्हणजे संबंध धन किंवा ऋण दोन्ही शक्यता धरून). आपलं त्याहून जास्त, म्हणजे हा संबंध निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी.

हेच ५ ठिकाणांवर केलं आणि वर्गांची बेरीज फक्त २ आली, तर गुणांक ०.९ येतो. दिसायला आधीपेक्षा भारी! पण ५ ठिकाणांसाठी याच पातळीवर पूर्ण १ लागतो. म्हणजे ०.९ सुद्धा पुरत नाही. मुलांना हे एकदा करून दाखवलं की 'नमुना मोठा हवा' हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गुणांक काढायच्या आधी टिंबं मांडून डोळ्यांनी पाहा. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले होते. चारींची सरासरी, विचलन, सहसंबंध जवळपास सारखे, पण आलेख काढले तर एक सरळ रांग, एक कमान, आणि दोन संच एकेका भरकटलेल्या टिंबाने बिघडलेले. आलेख आणि आकडेमोड एकमेकांची तपासणी करतात. एकावर भागत नाही.

---

सह्यपठार

@आकडेमोड, ०.८३ आणि ०.९ ची तुलना पुढच्या तासाला जशीच्या तशी वापरणार आहे. धन्यवाद.

---

कृष्णाकाठ

मी नदीबद्दल लिहितो, कारण बहुतेक क्षेत्रभेटी ओढ्या-नद्यांवर जातात आणि तिथली आकडेवारी हमखास चुकीची वाचली जाते.

आपल्या सहली निघतात दिवाळीनंतर. जानेवारीत सह्याद्रीतल्या ओढ्यात घोटाभर पाणी असतं. मुलं पाण्याची रुंदी मोजतात, काठीने खोली घेतात, संत्रं सोडून वेग काढतात आणि वहनमान (दर सेकंदाला वाहणारं पाणी) मांडतात. मग लिहितात, "नदीचे क्षरणकार्य मंद आहे." अहो, पण ते पात्र जानेवारीच्या पाण्याने कोरलेलंच नाही! पात्रात पडलेले डोक्याएवढे धोंडे जुलै-ऑगस्टच्या पुराने आणलेत. पात्राच्या आकाराबद्दल बोलायचं तर पाण्याची रुंदी कामाची नाही. काठोकाठ पात्राची रुंदी आणि खोली घ्यायला हवी. दोन्ही काठांवर दोरी ताणायची. काठ नक्की कुठे, हे झुडपांत अडकलेला काडीकचरा, मुळं उघडी पडलेली झाडं, गवत कुठे सुरू होतं यावरून ठरवायचं, आणि गावातल्या कुणा जाणत्याला "पाणी कुठवर येतं?" असं विचारून खात्री करायची. दोरीपासून खाली दर ५० सेंमीवर खोली घ्यायची.

मांडताना एकाच काटछेदावर दोन पातळ्या दाखवा : वर काठोकाठची रेषा, खाली आजचं पाणी निळ्या रंगात. मोठ्या पात्राच्या तळाशी ती एवढीशी निळी पट्टी पाहिली की मोसमी नदी म्हणजे काय, ते कळतं.

वेगाबद्दल एक गोष्ट. तरंगती वस्तू पृष्ठभागाचा वेग दाखवते. तळाशी घर्षणामुळे पाणी हळू चालतं. म्हणून सरासरी वेगासाठी त्याला साधारण ०.८ ते ०.८५ ने गुणतात. वहीत हा गुणक लिहिलेला नसेल तर वहनमान फुगलेलं समजा. एकच फेरी घेऊ नका. काठाजवळ, मध्ये, दुसऱ्या काठाजवळ अशा बऱ्याच फेऱ्या घ्या आणि संत्रं दगडाला अडकलं ती फेरी का वगळली, तेही लिहा. अशा नोंदींत सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) बरा, एका अडकलेल्या संत्र्याने तो हलत नाही.

---

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे पसरणी घाट वाचून बरं वाटलं.

इथे जीसीएसईला (साधारण आपली दहावी) दोन वेगवेगळ्या प्रकारच्या परिसरांत क्षेत्रकार्य करावंच लागतं, साधारणपणे एक नैसर्गिक आणि एक मानवी. ए-लेव्हलला (साधारण बारावी) तर स्वतंत्र शोधप्रकल्प असतो, त्याला एकूण गुणांच्या २० टक्के वजन आहे. तीन ते चार हजार शब्दांचा अहवाल अपेक्षित असतो आणि प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचा असतो. चौकट अशी : प्रश्न, माहिती गोळा करणं, मांडणी, विश्लेषण, निष्कर्ष, आणि शेवटी स्वतःच्या पद्धतीचं मूल्यमापन. मांडणी आणि विश्लेषण हे दोन वेगळे टप्पे धरले जातात. धागालेखिकेची तक्रार इथेच सुटते असं मला वाटतं. गुणच वेगळे ठेवले की मुलं वेगळा विचार करतात.

@कृष्णाकाठ, वेगावरून एक उदाहरण. सरे परगण्यातली टिलिंगबोर्न ही छोटी नदी इथल्या शाळांची आवडती. लीथ हिलच्या उतारावर उगम, शालफर्डजवळ वे नदीला मिळते. मुलं डोंगरातला खळाळता ओढा पाहतात आणि गृहीतक लिहितात : "वरच्या टप्प्यात वेग जास्त, खाली संथ." मोजल्यावर बऱ्याचदा उलट येतं. खाली पात्र खोल आणि गुळगुळीत होतं, पाण्याच्या मानाने घर्षण कमी पडतं. १९५३ मध्ये जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी अमेरिकेतल्या नद्यांवर हेच दाखवलं होतं. खळखळाट म्हणजे वेग नव्हे, दगडांवर खर्च होणारी ती ऊर्जा आहे.

पण टिलिंगबोर्नवर सरळ चढती रेषाही येत नाही. मध्येच एखाद्या ठिकाणी वेग एकदम पडतो. नकाशा पाहिला की कारण सापडतं : जुन्या गिरण्यांचे बांध, तळी. माणसाने नदी अडवली आहे. जो विद्यार्थी त्या टिंबाला बाण काढून शेजारी "गिरणीच्या तळ्याखाली" असं लिहितो, तो विश्लेषण करतो. जो ते टिंब वगळून सुबक रेषा काढतो, त्याने माहिती फेकून दिली.

आलेखावर थेट टीप लिहिण्याची ही सवय फार उपयोगी आहे. छायाचित्रांनाही तसंच. "नदीचे वळण" हे नुसतं नाव झालं. "बाहेरचा काठ कोरलेला, आत वाळू साचलेली, म्हणून मुख्य प्रवाह बाहेरच्या बाजूने" ही टीप.

---

मृण्मयी_क

वाचतेय. मानवी भूगोलाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून माझं.

आमच्या विभागाचा ठरलेला विषय आठवडे बाजार. प्रश्नावली घेऊन मुलं विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना विचारतात : कुठून आलात, कशाने आलात, काय घेतलंत. परत आल्यावर विभाजित वर्तुळांचा पाऊस पडतो. "२५ टक्के लोक एसटीने येतात." किती जणांना विचारलं? बारा. म्हणजे तीन माणसं. टक्केवारीने तीन माणसांना उगाच वजन येतं. आमच्याकडे आता नियम आहे : प्रत्येक आलेखाच्या मथळ्यातच एकूण संख्या लिहायची, आणि तीसपेक्षा कमी उत्तरं असतील तर टक्केवारी न देता नुसत्या संख्या द्यायच्या.

शिवाय कुणाला विचारलं, हे उत्तरापेक्षा महत्त्वाचं ठरतं. मुलं सकाळी दहाला पोचतात. तेव्हा घाऊक माल उतरवणारे आणि लवकर आलेले गिऱ्हाईक असतात. मजुरीची माणसं संध्याकाळी, हातात पैसे आल्यावर येतात. मुलगे बायकांना विचारायला लाजतात, त्यामुळे भाजी विकणाऱ्या बायका नमुन्यातून गायब. मग निष्कर्ष निघतो की बाजारात पुरुष विक्रेते जास्त! आधी बाजाराचा कच्चा नकाशा काढायचा, ओळी पाडायच्या, प्रत्येक ओळीतला दर पाचवा विक्रेता घ्यायचा, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटून घ्यायची. एवढं केलं तर आकड्यांना अर्थ राहतो.

मांडणीसाठी विभाजित वर्तुळापेक्षा प्रवाह नकाशा कितीतरी बोलका. मध्ये बाजाराचं गाव, प्रत्येक गावाहून एक रेषा, माणसं जास्त तितकी रेषा जाड. ओढा एका दिशेला का, हे लगेच दिसतं : मध्ये नदी आहे, पूल लांब आहे, किंवा पलीकडच्या गावाचा बाजारही त्याच वारी असतो. लोकांनी सांगितलेली वाक्यंही टाकू नका. "तिकडं भाव मिळत न्हाई" हे वाक्य रेषेशेजारी चौकटीत लिहिलं की आकड्याला कारण मिळतं.

---

नवभूगोल

मी बारावीत आहे. एक शंका. क्षेत्रघनी नकाशात (आकड्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला फिकट-गडद रंग) लोकसंख्या दाखवली तर सर म्हणाले चूक. पण रंग तर बरोबर भरले होते. का चूक?

---

जुनाशिक्षक

@नवभूगोल, चांगला प्रश्न. क्षेत्रघनी पद्धतीत रंग संपूर्ण क्षेत्रफळावर पसरतो, म्हणून दाखवायची गोष्टही क्षेत्रफळाने किंवा एकूण संख्येने भागून आलेली हवी : घनता, टक्केवारी, दर हजारी प्रमाण.

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३ लाखांच्या वर होती. नुसती लोकसंख्या रंगवलीस तर दोन्हींना एकच गडद रंग येईल, आणि पुणे जिल्हा आकाराने प्रचंड असल्यामुळे नकाशात तोच उठून दिसेल. प्रत्यक्षात पुण्याची घनता दर चौकिमीला ६०३ आणि मुंबई उपनगरची २० हजारांवर. नुसती संख्या दाखवायची असेल तर टिंब पद्धत (ठरावीक संख्येला एक टिंब) घे, किंवा प्रमाणबद्ध वर्तुळं. वर्तुळं काढताना त्रिज्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यायची. चौपट लोकसंख्येला त्रिज्या दुप्पट. त्रिज्या चौपट केलीस तर वर्तुळ सोळापट मोठं होईल.

---

रानवाट

थोडा विरोधी सूर लावतो. बारावीच्या मुलांवर स्पिअरमन, सार्थकता पातळी वगैरे लादलं की ती कोष्टकात अडकतात आणि डोळ्यांसमोरचा डोंगर पाहायचं विसरतात. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांना गुणांक दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ, पण जांभा आणि बेसॉल्ट हातात दिले तर ओळखता येत नाहीत. क्षेत्ररेखाटन करायला लावा. तासभर एका जागी बसून समोरची दरी काढली की जे दिसतं, ते कुठल्याच आलेखात नसतं.

---

आकडेमोड

@रानवाट, डोंगर आधी पाहावा याबद्दल वाद नाही. पण डोळेही ठरावीक तेच पाहतात. वर टेम्सकाठ यांनी लिहिलंय ना, खळाळणारा ओढा डोळ्यांना वेगवान वाटतो. मोजल्याशिवाय तो समज गेला नसता.

---

सह्यपठार

दोघांचंही पटतं, पण क्रम रानवाट म्हणतात तसा असावा. रेखाटन आधी, कारण प्रश्न तिथून सुचतो. मोजणी नंतर, आणि चाचणी फक्त तेव्हाच जेव्हा ठिकाणं पुरेशी असतील. एरवी मध्यक आणि विस्तार (सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक) पुरे.

वरच्या चर्चेतून यंदासाठी मी एवढं ठरवतेय : आलेख आणि विश्लेषण यांचे गुण वेगळे. प्रत्येक आलेखाखाली तीन गोष्टी सक्तीच्या : एकूण कल काय, तो कशामुळे, आणि कोणतं टिंब कलाबाहेर आहे व का असावं. तिसऱ्याचं कारण सापडलं नाही तर "कारण कळले नाही, हे तपासायला हवे" असं लिहिलं तरी पूर्ण गुण. मृण्मयीताईंचा एकूण संख्येचा नियम आणि जुनाशिक्षक सरांचं कच्चं पान, दोन्ही घेतेय.

---

नवभूगोल

कळलं सर, धन्यवाद. मृण्मयीताई, आमचाही बाजाराचाच प्रकल्प आहे. प्रवाह नकाशात एका गावाहून २ जण आणि दुसऱ्याहून ६० जण आले तर रेषा किती जाड करायची?

---

मृण्मयी_क

@नवभूगोल, आधी सगळ्यात मोठा आकडा बघ. ६० माणसांना ६ मिमी धरलंस, तर १० माणसांना १ मिमी. मग २ जणांची रेषा ०.२ मिमी होईल, पेन्सिलने ती काढता येणार नाही. अशा वेळी गट पाड : ५ पर्यंत तुटक रेषा, ६ ते २० ला १ मिमी, २१ ते ४० ला ३ मिमी, त्यावर ६ मिमी. सूचीत गट स्पष्ट लिही आणि रेषेच्या टोकाला खरा आकडाही लिही, म्हणजे गटात लपलेला फरक वाचणाऱ्याला कळेल. संगणकावर करणार असशील तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेषेची जाडी आकड्याला जोडता येते. पण पहिला नकाशा हातानेच काढ. काढलास की फोटो इथे टाक, मी बघते.